क्लचमास्तरांचा अबोला

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. छोटी पांढरी गाडी, टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी, आणि मास्तर बसत त्या बाजूलाही पायाखाली एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच. शिकणारा गडबडला की मास्तर ज्या आवाजात “क्लच! क्लच! अहो, क्लच दाबा!” म्हणून ओरडत, तो आवाज बंद काचांमधून चौकापर्यंत पोचायचा. म्हणून ते सगळ्यांचे क्लचमास्तर. अर्ध्या वस्तीने त्यांच्याकडून गाडी शिकली होती आणि तेवढ्याच वस्तीने त्यांची बोलणी खाल्ली होती. तरी लोक आपल्या मुलासुनांना त्यांच्याचकडे पाठवत. मास्तरांच्या हाताखालून निघालेला माणूस पुढे रस्त्यात कुणालाच घाबरत नसे.

बायको त्यांच्या अगदी उलट, शांत. कुणी विचारलं, की या जमदग्नीबरोबर निभतं कसं हो तुमचं, तर ती हसून म्हणायची, “घरात ओरडायचं काम एकाने करायचं असतं. ते यांनी घेतलंय, मी मोकळी.”

एकच मुलगी होती त्यांना. बापाची लाडकी आणि बापासारखीच फटकळ. दाताच्या दवाखान्यात कामाला होती. खुर्चीत बसून रडणाऱ्या मोठ्या मोठ्या माणसांना दटावून आ करायला लावायची. तिला रक्ताचा आजार झाला. आधी नुसता थकवा, मग ताप, मग हॉस्पिटलच्या फेऱ्या आणि शेवटी हॉस्पिटलच.

मास्तरांनी आयुष्यात कुणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं. त्या हॉस्पिटलच्या लांबलचक पॅसेजमध्ये मात्र त्यांनी देवापुढे काय काय केलं नाही! विनवण्या केल्या, दटावून पाहिलं, ‘हिला ठेव, मला ने’ असंही म्हणून झालं. एके सकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “ताप उतरलाय, आज बरीच बरी आहे.” मास्तरांनी तिथंच भिंतीला डोकं टेकलं आणि देवाला म्हणाले, “उपकार झाले तुझे.” 

त्याच संध्याकाळी मुलगी गेली.

‘उपकार झाले’ हा शब्द मास्तरांना दुःखापेक्षाही जास्त झोंबला. कुणीतरी आपल्याला आधी गोड बोलून मग भर चौकात थोबाडीत मारावी, तसं त्यांना झालं. माणसं भेटायला येऊन गेली, दिवस उलटले, आणि एक दिवस जेवताना ते बायकोला म्हणाले, “तुझ्या देवाला सांग, आजपासून त्याचं आणि माझं बोलणं बंद.”

ती ताटातलं संपवून उठली.

सख्ख्या भावाशी वाटणीवरून बिनसावं तसा मास्तरांनी तो अबोला पाळला. देवाचं नाव काढायचं नाही, कुणी काढलं तर उठून जायचं. बायको मात्र पूर्वीसारखीच रोज सकाळी चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ लाकडी स्टुलावर बसायची. आईने शिकवलेली चार ओळींची प्रार्थना म्हणायची आणि मग कितीतरी वेळ डोळे मिटून गप्प बसायची. मास्तरांच्या डोक्यात तिडीक जायची. एवढं होऊनही ही त्याच्या दारात जाऊन बसते? कसले आभार मानते त्याचे? मग ते मुद्दाम मिक्सर लावायचे, नळ पूर्ण सोडायचे, भांडी आपटायचे. ती डोळे उघडायची नाही. उलट त्या दिवशी जरा जास्तच वेळ बसायची.

अशी काही वर्षं गेली. एका सकाळी ती भाजी चिरत होती. हातातली सुरी खाली पडली. मास्तर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “अगं, सांभाळून.” उत्तर आलं नाही. बघतात तर ती ओट्याला टेकून उभी, तोंडाची उजवी बाजू ओघळल्यासारखी झालेली, आणि डोळ्यांत भलतीच भीती. पुन्हा तेच हॉस्पिटल, तोच पॅसेज. या वेळी मास्तर तोंड गच्च मिटून बाकावर बसले. कुणाला काही मागितलं नाही.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढू लागला, आणि बोलणं गेलं. बरेच दिवस तर तोंडातून हूं की चूं नाही. मग एका सकाळी नर्सने उशी नीट करता करता सहज विचारलं, “काय काकू, नाव काय तुमचं?” 

ती स्पष्ट म्हणाली, “देवा.”

नर्सला आनंद झाला. तिने मास्तरांना हाक मारली. मास्तर धावत आले, पलंगाच्या कडेला बसले. “अगं, मी आलोय. मला ओळखलंस?”

“देवा,” ती म्हणाली. मान जोरजोरात हलवत, डाव्या हाताने त्यांची बाही धरून, “देवा. देवा, देवा.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या ज्या भागातून बोलणं येतं तिथं रक्त पोचलं नाही. तिला सगळं कळतंय, ओळखता येतंय, सांगायचंही आहे; पण काहीही म्हणायला गेलं की एकच शब्द बाहेर पडतो. काही जणांचं असं होतं. कुणाचा एखादा आकडा उरतो, कुणाची एखादी शिवीसुद्धा.

“शिवी चालली असती,” मास्तर म्हणाले.

डॉक्टर हसले. मास्तर हसले नाहीत. हिच्याकडे एवढे शब्द होते! भाज्यांची नावं, नातेवाइकांची नावं, लेकीचं नाव. सगळे पुसले गेले आणि उरला कुठला, तर ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याचा. ही थट्टा आहे, आणि कुणी चालवली आहे तेही आपल्याला ठाऊक आहे, असं त्यांना वाटलं.

घरी आणल्यावर खरे हाल सुरू झाले. मास्तरांनी शिकवण्या निम्म्यावर आणल्या. स्वयंपाक, कपडे, तिला उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, औषधं. हे सगळं ते करत होते, चुकत होते, पुन्हा करत होते. त्याने त्यांना थकवलं असतं, पण चिडवलं नसतं. चिडवलं त्या शब्दाने.

“देवा.”

“काय हवं? पाणी?”

मान नाही म्हणून हलायची. “देवा.”

“पांघरूण? खिडकी उघडू? पंखा? संडास? दुखतंय का कुठं?”

“देवा! देवा! देवा!”

“अगं, काय देवा देवा! नीट सांग ना!”

आणि मग ती डाव्या हाताने समोरचा पेला भिरकावून द्यायची. उभ्या संसारात जिने कधी आवाज चढवला नव्हता तिच्या रागाने आता भिंतीवर चहाचे डाग पडले होते. मास्तर पुसायला वाकायचे आणि फडकं तिथंच फेकून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. आतून पुन्हा तीच हाक यायची. दिवसातून कितीदा त्यांना त्या नावाला ओ द्यावी लागत होती! इतकी वर्षं ज्याचं नाव कानाआड केलं, त्याच्या नावाने आता घरात कुकर बंद व्हायचा नि दिवा लागायचा.

धाकटी मेहुणी मदतीला म्हणून येऊन राहिली. बाई प्रेमळ, पण भाबडी आणि बोलकी. पहिल्याच दिवशी बहिणीच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि तिचे डोळे भरून आले. “भाऊजी, केवढं भाग्य हो ताईचं! सगळं गेलं तरी मुखी नाव राहिलं.” 

मेहुणीने ही गोष्ट जिन्यावर, दुकानात, जाईल तिथं सांगितली. दुसऱ्या दिवसापासून शेजारणी येऊ लागल्या. पलंगाभोवती बसायच्या, हात जोडायच्या, एकमेकींना खुणावायच्या. एक तर चक्क पाया पडली. मेहुणी कौतुकाने म्हणाली, “ताई, यांना काहीतरी सांग ना.”

बायकोने सगळ्यांवरून नजर फिरवली, मग मेहुणीवर रोखली आणि दातओठ खात म्हणाली, “देवा!”

बायकांनी भक्तिभावाने माना डोलावल्या. दारात उभ्या असलेल्या मास्तरांना मात्र त्या एका शब्दात ‘हिला आणि हिच्या सगळ्या वरातीला आत्ताच्या आत्ता घालवा’ हे लख्ख ऐकू आलं. त्यांना हसू फुटलं. किती तरी दिवसांनी. त्यांनी “आराम करायचाय तिला” म्हणून सगळ्यांना वाटेला लावलं आणि परत येऊन बघतात तर बायकोही अर्ध्या तोंडाने हसत होती.

तेवढ्यापुरतंच ते. त्या हसण्याचा पुढे काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पेला, पुन्हा डाग.

बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट येऊ लागली. वयाने लहान, पण चिवट. तिने चित्रं दाखवली, आरशासमोर ओठ हलवायला लावले. ओठ हलायचे, शब्द तोच निघायचा. एक दिवस तिने मास्तरांना बाजूला घेतलं.

“काका, पुष्कळदा असं होतं, की साधं बोलता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेलं काहीतरी म्हणता येतं. गाणं, पाढे, प्रार्थना. ते मेंदूत निराळ्या वाटेने येतं. आपण कुणीतरी सोबत म्हणायला लागायचं. काकूंना काय पाठ होतं?”

मास्तरांना उत्तर माहीत होतं. “पाढे म्हणून बघा,” ते म्हणाले.

पाढे झाले नाहीत. गाणी तिला फारशी येतच नव्हती. थेरपिस्ट म्हणाली, “तुमच्या मेहुणीबाई म्हणत होत्या, काकू रोज सकाळी एक प्रार्थना म्हणायच्या. त्यांना अर्धवटच येते. तुम्हाला येते का?”

“मला येत नाही,” मास्तर म्हणाले. खोटं होतं. इतकी वर्षं मिक्सरच्या घरघरीतूनही ऐकून ती चार ओळींची प्रार्थना त्यांना शब्दन् शब्द पाठ होती.

मेहुणीला ते कळलं. थेरपिस्ट गेल्यावर ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, “भाऊजी, एवढा कसला हट्ट? चार ओळी म्हणायच्या तर आहेत.”

“ज्याने पोर नेली त्याची स्तुती करू? तुझी ताई करत होती, तेवढी पुरे झाली. रोज उठून आभार, रोज उठून आभार. काय मिळालं? जीभ गेली.”

मेहुणी कधी नव्हे ती भडकली. हातातलं भांडं तिने आपटलंच. “आभार? कोण म्हणालं तुम्हाला की ती आभार मानायची? एकदा तरी विचारलंत तिला, काय करतेस तिथं बसून? मी विचारलं होतं. म्हणाली, भांडते. प्रार्थना संपली की भांडायला बसते म्हणाली. माझी मुलगी का नेलीस, याचं उत्तर दे, म्हणून रोज त्याच्यापुढे बसते. आणि काय म्हणाली माहितेय? ‘हे त्याच्याशी बोलत नाहीत ना, मग यांच्या वाटचंही मलाच भांडावं लागतं. म्हणून वेळ लागतो.’”

मास्तर म्हणाले, “मला कधी बोलली नाही.”

“तुम्ही मिक्सर लावून बसायचात!”

मेहुणी तणतणत निघून गेली. मास्तर तिथंच उभे राहिले. समोर खिडकीजवळ ते स्टूल होतं. त्याच्यावर आता औषधांचा डबा ठेवलेला असायचा. जिच्या शांतपणाचा आपल्याला इतका राग यायचा ती शांत नव्हतीच. आपण भांडी आपटत होतो तेव्हा ही दोघांची मिळून फिर्याद मांडत होती. आणि आता तिच्याकडे शब्द उरला होता एक. एका शब्दात किती भांडणार ती?

पण हे कळलं म्हणून मास्तर लगेच सुधारले, असं झालं नाही. आपल्याला अंधारात ठेवलं म्हणून त्यांना बायकोचाही राग आला, मेहुणीचाही आला. दोन दिवस ते सगळ्यांवर खेकसत राहिले. शिकायला येणाऱ्या एका मुलीला तर त्यांनी इतकं झापलं, की ती गाडी रस्त्याच्या मधोमध बंद करून, किल्ली त्यांच्या हातात देऊन, रिक्षाने घरी गेली.

मग ती दुपार आली. मेहुणी तिच्या घरी जाऊन येते म्हणून गेली होती. बायको पलंगावर उठून बसली आणि डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, “देवा.”

मास्तरांनी कपाट उघडलं. शाल दाखवली. नाही. चादर? नाही. स्वेटर, टॉवेल, रुमाल, जुनी पर्स? नाही, नाही. “देवा, देवा.” ती बोट हलवत होती, मान झटकत होती. खालचा कप्पा झाला, वरचा झाला. कपड्यांच्या घड्या, कागदाच्या पिशव्या, लेकीच्या लहानपणीच्या टोप्या, सगळं जमिनीवर आलं. कपाट रिकामं झालं तरी बोट तिकडंच. शेवटी ती रडायला लागली. रागाने, लहान मुलासारखी मूठ आपटत, “देवा! देवा!”

मास्तरांनी हात टेकले. त्या ढिगाऱ्यातच ते फतकल मारून बसले. काहीतरी आतून गडगडत वर आलं आणि ते तिच्याकडे न बघता, कपाटाच्या उघड्या दाराकडे बघून ओरडले,

“देवा! अरे, काय लावलंयस काय हे? पोर नेलीस, वर माझ्याकडून आभार मानून घेतलेस! आता हिचा हात नेलास, जीभ नेलीस, आणि स्वतःचं नाव तेवढं ठेवून घेतलंस? लाज नाही वाटत? ही रोज तुझ्यापुढे येऊन बसली. एकदा तरी उत्तर दिलंस? मी तर आलोही नाही. माझ्यावर राग होता तर मला पकडायचं होतंस! तिला काय हवंय तेवढं तरी सांग! दुसरं काही मागत नाही आता. तिला काय हवंय ते सांग!”

आवाज फुटला. मास्तर हमसाहमशी रडत होते. मुलगी गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते. तेव्हा ते बोलणं बंद करण्यात गुंतले होते.

ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पलंगावर सामसूम होती. बायको रडायची थांबली होती. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच निवांतपणा होता. भांडणात आपल्या बाजूने कुणीतरी उभं राहावं, तसा. तिने डावा हात खाली सोडला. तो मास्तरांच्या डोक्यापर्यंत जेमतेम पोचला.

“देवा,” ती म्हणाली. या वेळी ते मास्तरांना उद्देशून नव्हतं. त्यांच्या डोक्यावरून, पलीकडे कुणाला तरी ती ‘बघ यांच्याकडे’ म्हणत होती.

मास्तरांनी नाक पुसलं. घसा खाकरला. आणि त्या पसाऱ्यात बसून, अगदी फाटक्या आवाजात, त्यांनी सुरू केलं, “आजचा दिवस तुझ्या हाती...”

“...आमची माणसं तुझ्या हाती,” ती म्हणाली.

पुढची ओळ मास्तरांच्या तोंडून निघेना. ती थांबली नाही. जरा जड, जरा ओढत, पण शब्द सगळे जागच्या जागी, “पाय घसरला तर सावर. वाट चुकलो तर हाक मार.”

“अगं, बोललीस!” मास्तर गुडघ्यांवर उठले. “बोललीस की! आता सांग, काय हवं होतं कपाटातलं?”

तिने तोंड उघडलं, खूप जोर लावला, कपाळावर आठ्या आल्या.

“देवा.”

“अगं, चार ओळी घडाघड म्हणतेस आणि एक वस्तू सांगता येत नाही?” मास्तर पुन्हा चिडले. ती खुदकन हसली. तिला कपाटातलं काय हवं होतं, ते त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सकाळी चहाचं आधण ठेवून स्टुलावरचा औषधांचा डबा उचलायचे, तिला खुर्चीत खिडकीजवळ आणायचे आणि स्वतः स्टुलावर बसायचे. दोघं मिळून चार ओळी म्हणायची. मग तिचं संपायचं आणि मास्तरांचं सुरू व्हायचं, मोठ्याने. कालच्या दिवसात काय काय झालं, कुठल्या गोष्टीचा राग आला, मुलीची आठवण कशावरून आली. मध्येच ती “देवा!” म्हणून जोर द्यायची. त्याचा अर्थ मास्तरांना आता बहुतेक वेळा कळायचा: हेही सांगा, ते राहिलं. थेरपिस्टने त्या चार ओळींतलेच शब्द सुटे करून घ्यायला सुरुवात केली. ‘हाती’पासून ‘हात’ आला. बऱ्याच खटपटीनंतर ‘पाय’ आला. आणि कुणीही न शिकवता, एका सकाळी मेहुणीने पाजलेल्या सूपला उद्देशून खणखणीत ‘नको’ आला.

मेहुणीला सूपचं वाईट वाटलं, शब्दाचा आनंद झाला. निघायच्या आदल्या दिवशी तिने बॅग भरता भरता विचारलं, “भाऊजी, खरं सांगा, आता बरं वाटतं का हो?”

“बरं कसलं? पोर थोडीच परत येणार आहे? हिचा हात असाच राहील म्हणतात.” मास्तर चादरीची घडी घालत होते, ती काही केल्या चौकोनी होईना. “उत्तर तर त्याने अजून एकाही गोष्टीचं दिलेलं नाही.”

“मग रोज बसता कशाला?”

मास्तरांनी घडी सोडून पुन्हा घालायला घेतली. “पूर्वी वाटायचं, त्याने दार लावून घेतलंय. तसं नाहीये. मी एवढा तोंडाला येईल ते बोलतो, पण उठून गेलाय असं एकदाही वाटलं नाही. बसून ऐकतोय. का ऐकतोय, ते मला माहीत नाही. पण पोरीकडे बघायला तिकडं कुणीतरी आहे, असं वाटतं, एवढं खरं. आता दुसरं टोक धर या चादरीचं, एकट्याने जमत नाही.”

मेहुणीने टोक धरलं. आतून बायकोने हाक मारली, नेहमीच्याच शब्दाने. आज तिला पहिल्यांदा जिना उतरून बघायचा होता, आणि मास्तर चादरीत वेळ घालवत होते. मास्तर “आलो, आलो, एवढी काय घाई!” म्हणत चडफडत तिची काठी शोधायला लागले.